कोंकणकड्याचें रुंद चित्र

डोंगराच्या माथ्यावर उभें राहून जें पाहावें, तें घरीं नेतां येत नाहीं, ही प्रवाशाची फार जुनी खंत आहे. साधा कॅमेरा डोळ्यास लावला कीं, चोहों बाजूंनीं पसरलेल्या दिङ्मंडलाची एक लहानशी खिडकी होते. त्या खिडकींतून एक शिखर दिसतें, अर्धी दरी दिसते, आणि ज्या विस्तारानें क्षणापूर्वीं आपण थक्क होऊन उभे होतों, तो विस्तार मात्र चौकटीबाहेरच राहतो. घरीं आल्यावर तें चित्र आप्तांपुढें ठेवून "याच्या उजवीकडे आणखी पुष्कळ होतें बरं का," असें सांगण्याची पाळी कोणावर आली नसेल? ही उणीव भरून काढणाऱ्या रुंद चित्रास पाश्चात्य लोक पॅनोरामा म्हणतात. 'सर्व' आणि 'दृश्य' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तें नांव बनलें आहे. गेल्या मार्गशीर्षांत हरिश्चंद्रगडावर जाऊन तेथील सुप्रसिद्ध कोंकणकड्याचें असें एक चित्र जुन्या पद्धतीनें, म्हणजे कृष्णधवल फिल्मवर, घेण्याचा योग आला. त्या प्रवासाची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

प्रथम प्रयोजन सांगितलें पाहिजे. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत ज्याचा काळ गेला, त्या साठी उलटलेल्या शिक्षकास हा नसता उद्योग कोठून सुचला, असें कोणीहि विचारील. तीन वर्षांपूर्वीं मंडईंत चालतांना डाव्या बाजूनें येणाऱ्या माणसांस माझा धक्का लागूं लागला. दोनदां जिन्याच्या कठड्यावर कोपर आपटलें. मी तो वयाचा दोष समजलों. पुढें चष्म्याचा नंबर पाहावयास गेलों असतां डॉक्टरांनीं एका पांढऱ्या अर्धगोलांत चेहरा ठेवावयास सांगितलें; मधल्या बिंदूवर दृष्टि खिळवून, आजूबाजूस कोठेंहि प्रकाशाचा ठिपका चमकला कीं बटण दाबावयाचें, एवढेंच काम होतें. परीक्षा संपली तेव्हां मला वाटलें कीं एकहि ठिपका हुकला नाहीं. निकालाच्या कागदावर मात्र डावी बाजू बरीचशी काळी होती. दोन्ही डोळ्यांत कांचबिंदु असून डाव्या डोळ्याचें नुकसान अधिक झालें होतें. या रोगांत बहुधा दुखत नाहीं, डोळा लाल होत नाहीं, समोरचें अक्षरहि पुष्कळ दिवस स्वच्छ वाचतां येतें. केवळ कडेची दृष्टि हळूहळू आटत जाते, आणि जें दिसेनासें झालें तें दिसत नाहीं, याचीहि जाणीव मनुष्यास होत नाहीं. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली मात्र औषधाच्या थेंबांनीं राखतां येते. ज्यांच्या घराण्यांत हा रोग आहे, त्यांनीं तरी चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब व दृष्टीचा विस्तार वेळोवेळीं तपासून घ्यावा, एवढी विनंती येथेंच करून ठेवतों.

त्या काळ्या कागदाकडे पाहतां पाहतां मला कोंकणकडा आठवला. १९८८ च्या जानेवारींत नववीच्या मुलांची सहल घेऊन मी तेथें गेलों होतों. मान न वळवितां एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत तो सबंध कडा एकदम डोळ्यांत शिरला होता. निरोगी मनुष्यास दोन्ही डोळ्यांनीं मिळून आडवें जवळजवळ अर्धवर्तुळ दिसतें. तें ऐश्वर्य मजपाशीं तेव्हां होतें, आणि त्याची मोजदाद मीं कधीं केली नव्हती. आतां तोच कडा पुन्हां पाहावा, आणि जो भाग माझ्या डोळ्यांस दिसणार नाहीं तो कागदावर उतरवून घरीं सावकाश समोर धरून पाहावा, अशी इच्छा झाली.

त्या १९८८ च्या सहलींतलाच एक विद्यार्थी पुढें फोटोच्या धंद्यांत शिरला. आज तो पन्नाशीस पोंचला असून त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. धंद्याचें सर्व काम आतां फिल्मवांचून होतें; तरी जुन्या विद्येचा लोभ त्याला सुटलेला नाहीं. मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्क येथें बनलेला 'होरायझन' जातीचा, खास रुंद चित्रांचा एक कॅमेरा त्यानें हौसेनें विकत घेऊन ठेवला होता. माझा मनोदय ऐकतांच तो म्हणाला, "सर, कॅमेरा माझा, गाडी माझी, चित्र मात्र तुम्हीच घ्यायचं." घरांतून विरोध झाला, आणि तो अगदींच अनाठायीं होता असें म्हणवत नाहीं. "अहो, रस्ता ओलांडतांना माझा हात धरावा लागतो, आणि तुम्ही कड्यावर निघालांत!" असें म्हणून झाल्यावर अखेरीस अनुज्ञा मिळाली, ती एका अटीवर. अट माझ्यावर नव्हतीच. शिष्याला बाजूस बोलावून सांगण्यांत आलें, "तूं यांच्या डाव्या हाताला राहा. यांनीं जा म्हटलं तरी जाऊं नकोस."

रुंद चित्राची कल्पना कॅमेऱ्याहून जुनी आहे. रॉबर्ट बार्कर नांवाच्या चित्रकारानें १७८७ सालीं वर्तुळाकार चित्राची युक्ति अधिकृतपणें नोंदविली, आणि पुढें लंडनच्या लेस्टर चौकांत १७९३ मध्यें एक गोल इमारतच उभी केली. प्रेक्षकानें मध्यें उभें राहावें आणि भोंवतालच्या भिंतीवर सबंध शहर पाहावें, अशी ती योजना होती. छायाचित्रणाची कला निघतांच लोकांनीं तीच हौस तिच्याकडून पुरवून घेतली. प्रारंभींचा मार्ग सोपा होता: तिवईवर कॅमेरा ठेवून थोडा थोडा फिरवीत लागोपाठ चित्रें घ्यावयाचीं व तीं कडेला कड लावून चिकटवावयाचीं. फेलिस बिआतो यानें १८५८ सालीं लखनौस येऊन अशींच जोडचित्रें घेतलीं. मायब्रिज यानें १८७८ मध्यें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका टेकडीवरून तेरा कांचांवर संपूर्ण वर्तुळाचें चित्र घेतलें. त्याची लांबी सुमारें सतरा फूट आहे. पुढें १९०६ च्या भूकंपांत व आगींत तें शहर बव्हंशीं नाहींसें झालें; चित्र मात्र राहिलें.

दुसरा मार्ग अधिक चतुर आहे. त्यांत फिल्म सपाट न ठेवतां अर्धगोल पाठीवर ताणून बसविलेली असते, आणि भिंग एका उभ्या नळकांड्यांत बसवून स्वतःभोंवतीं फिरतें. नळकांड्याच्या मागें एक अरुंद उभी फट असते. भिंग डावीकडून उजवीकडे फिरलें कीं ती फट फिल्मवरून झाडूसारखी सरकते आणि दृश्य पट्टीपट्टीनें उमटत जातें. आमच्या कॅमेऱ्यांत हा फेरा १२० अंशांचा, म्हणजे वर्तुळाच्या एकतृतीयांशाचा होता, आणि प्रत्येक चित्र २४ मिलिमीटर उंच व ५८ मिलिमीटर लांब येई. ज्या रिळावर साधीं छत्तीस चित्रें बसतात, त्यावर हीं बावीसच बसतात. या पद्धतींत कडेच्या वस्तु ताणल्या जात नाहींत, हा मोठा गुण. परंतु समोरून आडवा जाणारा सरळ रस्ता धनुष्यासारखा वांकतो, हा दोष. उलट, वांकलेली वस्तु सरळ करण्याचें सामर्थ्यहि त्यांतच आहे. अमेरिकेंत १९०४ च्या सुमारास निघालेला 'सर्कट' नांवाचा कॅमेरा तर स्वतःच सबंध फिरत असे, आणि शाळांचे लांबलचक समूहफोटो त्यावर घेत. मुलांना कॅमेऱ्याभोंवतीं कमानींत उभें केलें म्हणजे चित्रांत रांग सरळ येई. एका टोंकाचा खोडकर मुलगा आपलें चित्र उमटून गेल्याबरोबर मागल्या मागें धांवत दुसऱ्या टोंकास जाऊन उभा राही, आणि एकाच फोटोंत दोनदां हंसे! शिक्षकाच्या नजरेला न सांपडणारा मुलगा फिल्मला सांपडे, हें पाहून माझ्यासारख्यास गंमत वाटते.

या विद्येंतला माझा आदर्श म्हणजे प्राग शहराचा जोसेफ सुडेक. पहिल्या महायुद्धांत त्याचा उजवा हात गेला. त्या एकहाती माणसानें जुना 'कोडॅक पॅनोरॅम' खांद्यावर घेऊन आपलें शहर पायांखालीं घातलें. त्याच्या रुंद चित्रांचा ग्रंथ १९५९ सालीं निघाला. त्यांत २८४ चित्रें आहेत. ज्याला एक हात नव्हता त्यानें एवढें केलें, तर आपल्याला एक बाजू नाहीं म्हणून काय झालें, असा धीर मीं मनाशीं बांधला होता.

पुण्याहून पहांटे निघून ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ या वाटेनें आम्ही सकाळीं पाचनईस पोंचलों. गडावर जाण्यास खिरेश्वराकडूनहि वाट आहे. ती तोलार खिंडींतून येते, पण लांब व दमविणारी आहे. पाचनईची वाट सौम्य. झाडींतून चढून गेलें कीं पुढें आलेल्या एका प्रचंड खडकाच्या छत्राखालून ती जाते, आणि मंगळगंगेचा ओढा शेजारून खळखळत असतो. डावी बाजू दरीची आली कीं शिष्य निमूटपणें तिकडे येई. मी त्याला एकदोनदां रागें भरलों. "अरे, काठी आहे माझ्या हातीं; लहान मूल समजतोस का मला?" त्यावर तो "नाहीं सर" म्हणे, आणि पुन्हां डावीकडेच चाले. वाटेंत दशम्या व दाण्याची चटणी खाऊन, धापा टाकीत का होईना, तीन तासांत आम्ही गडावर आलों.

हरिश्चंद्रेश्वराचें मंदिर पाहून शीण गेला. कळसापर्यंत कोरीव कामानें भरलेलें हें प्राचीन शिवालय खडकाच्या खोलगट पात्रांत उभें आहे. पूर्वेस कोनाड्यांची ओळ असलेली पुष्करिणी. चांगदेवांनीं याच गडावर तप केलें व 'तत्त्वसार' हा ग्रंथ येथेंच रचला, अशी परंपरा आहे. खालच्या अंगास केदारेश्वराची गुहा आहे; थंडगार पाण्याच्या मध्यभागीं भव्य लिंग, आणि भोंवतीं चार खांबांपैकीं आतां एकच सबंध उरलेला. हे खांब म्हणजे चार युगें व राहिलेला तो कलियुगाचा, असें लोक सांगतात. मला तेथें उभें असतां वाटलें, तीन खांब भंगले तरी छत तोललेंच आहे ना? उरलेल्या एकावर चालतें, तोंवर चालवावें.

मंदिरापासून पश्चिमेस अर्ध्या तासावर कोंकणकडा. वाट सपाट पठाराची. वाळलेलें गवत, करवंदीच्या जाळ्या. आणि मग जमीन एकाएकीं संपते. 'संपते' याहून दुसरा शब्द मला सुचत नाहीं. सह्याद्रीच्या भिंतींतून कोणीं तरी भली मोठी वाटी कोरून काढावी, तसा तो अर्धवर्तुळाकार कडा आंत वळला आहे. नुसता आंतच नव्हे, तर माथ्याकडे पुढें झुकलेलाहि आहे, नागाच्या फडेसारखा. शेंकडों मीटर खोल खडा तुटलेला काळा पाषाण आणि तळाशीं बेलपाड्याकडचें कोंकण. १९८८ सालीं मीं मुलांना येथें एका रांगेंत पोटावर झोपवून चौघाचौघांना खालीं डोकावूं दिलें होतें, आणि स्वतः त्यांच्या पुढच्या बाजूस, कड्याशीं, दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिलों होतों. तेव्हां भीति वाटण्यास सवड नव्हती. या खेपेस मीहि पोटावर झोपूनच डोकावलों. शिष्यानें माझे घोटे धरून ठेवले होते. वारा खालून वर येत होता; त्यानें टोपी उडाली ती पुन्हां पठारावरच येऊन पडली.

या कड्याचा एक चमत्कार प्रसिद्ध आहे. सकाळीं दरींत धुकें भरलेलें असून सूर्य पाठीशीं असला, तर समोर धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटतें व त्याच्या मध्यभागीं पाहणाऱ्याची स्वतःची सावली दिसते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या हवामानावर लिहिलेल्या व १८३५ सालीं छापलेल्या निबंधांत याचें वर्णन केलें. आपल्याकडे त्यास इंद्रवज्र म्हणतात. आम्हांस तें दिसलें नाहीं, कारण हवा कोरडी होती. पण चित्रासाठीं तशीच हवा पाहिजे होती.

आतां चित्राकडे वळूं. कड्याचें तोंड पश्चिमेस असल्यामुळें सकाळीं तो सबंध छायेंत असतो. सायंकाळीं सूर्य समोर येऊन भिंगांत शिरतो. म्हणून दुपारीं अडीच ते तीन हीच वेळ योग्य. मार्गशीर्षांतला सूर्य दक्षिणेकडे झुकलेला. त्यामुळें त्या वेळीं उजव्या हाताचा कडा उन्हांत न्हालेला, तर डाव्या हाताचा निळसर छायेंत बुडालेला दिसतो. रुंद चित्राची खरी कसोटी ही. साध्या चित्रांत उजेडाचा एकच प्रदेश सांभाळावा लागतो. येथें एका टोंकाला दुपार आणि दुसऱ्या टोंकाला जणुं संध्याकाळ. कृष्णधवल फिल्मची थोरवी अशा वेळीं कळते. छायेच्या मापानें प्रकाश द्यावा आणि उन्हाचा अतिरेक पुढें फिल्म धुण्याच्या वेळीं आटोक्यांत आणावा, असा या विद्येंतला जुना नियम आहे. आम्हीं 'इल्फर्ड एफ्पी-४' ही १२५ वेगाची फिल्म घेतली होती. ती जणुं निम्म्याच वेगाची आहे असें धरून, भिंगावर पिवळ्या कांचेची फिल्टर लावून, सेकंदाच्या साठाव्या भागाचा प्रकाश दिला. पिवळी कांच निळा रंग अडविते. त्यामुळें दरींतलें निळसर धुरकट विरळ होतें, आभाळ जरा गडद उतरतें, आणि दूरच्या रांगा एकामागून एक वेगळ्या होतात.

प्रकाशाहूनहि अवघड काम म्हणजे पाणसळ. या कॅमेऱ्यांत बुडबुड्याची पाणसळ बसविलेली असून ती बघण्याच्या खिडकींतूनच दिसते. कॅमेरा पुढें किंवा मागें यत्किंचित् कलला, तर क्षितिज धनुष्यासारखें वांकतें. बाजूला कलला, तर तिरकें होतें. बुडबुडा मधोमध आणणें, श्वास रोखणें आणि कळ दाबणें, एवढें केलें कीं भिंग 'सर्र' करीत फिरतें. आणखी एक पथ्य: भिंगाचा फेरा एवढा मोठा असतो कीं कॅमेरा धरणाऱ्याचीं बोटें, तिवईचा पाय, शेजारी ठेवलेली काठी, सर्व कांहीं चित्रांत शिरतें. म्हणून मीं शिष्यास बजावलें, "आतां तूं मागें जा. पिशवीपाशीं जाऊन बैस. माझ्या आसपास कोणी नको." तो म्हणाला, "बरं सर." मीं तिवई कड्यापासून चार हातांवर रोविली, पाणसळ साधली, आणि सबंध दुपारींत पंधरा चित्रें घेतलीं. दर खेपेस कळ दाबून मी डावीकडे मान वळवून पाही. तिकडे कडा होता, आभाळ होतें, आणखी कोणी नव्हतें. पुन्हां समोर पाहिलें कीं डावी बाजू नाहींशी होई. पण भिंग तिकडूनच येत आहे व सर्व टिपून घेत आहे, या विचारानें मोठें समाधान वाटत होतें. शेवटलीं चित्रें घेतांना मात्र वारा वाढला, आणि बुडबुडा पाहण्याच्या नादांत माझें एक पाऊल पुढें सरकलें असावें. मला तें तेव्हां कळलें नाहीं.

रात्रीं गडावर गांवकऱ्यांच्या राहुटींत पिठलें-भाकरी खाऊन निजलों आणि दुसऱ्या दिवशीं उतरलों.

फिल्म धुण्याचें काम शिष्याच्या स्टुडिओमागील कोठडींत केलें. त्या पूर्ण अंधारांत रीळ उकलून चक्रीवर चढवावयाचें असतें. तेथें डोळसाचा व आंधळ्याचा अधिकार सारखाच. बोटांना जें कळतें तेवढेंच खरें. हें काम मीं आग्रहानें स्वतः केलें, आणि शिष्यापेक्षां लवकर केलें, हें येथें नमूद करण्याचा मोह आवरत नाहीं. 'डी-७६' हें डेव्हलपर कोडॅकनें १९२७ सालीं काढलें. शंभरीस टेकलेलें तें औषध अजून मिळतें. तें समभाग पाण्यांत मिसळून २० अंशांवर या फिल्मला अकरा मिनिटें देतात. आम्हीं उन्हाचा अतिरेक कमी करण्यासाठीं नऊच मिनिटें दिलीं. उन्हाळ्यांत यासाठीं पाण्यांत बर्फ टाकावें लागतें. मार्गशीर्षांतल्या पहांटे नळाचें पाणीच तेवढें गार असतें. मग हायपो, मग वाहत्या पाण्यांत धुणें, आणि दोरीवर वाळत घालणें.

वाळल्यावर दिव्यापुढें धरून पाहिलें. पहिल्या चार चित्रांत क्षितिज वांकलेलें, दोहोंत माझींच बोटें, भोपळ्यासारखीं थोराड, एकांत काठी. चांगलीं अशीं सहासात निघालीं. त्यांतहि चौदावें चित्र सर्वांत सरस होतें. क्षितिज दोरी धरल्यासारखें सरळ, उजव्या कड्यावरील प्रत्येक भेग स्पष्ट, डावीकडच्या छायेंतहि खडकांचे थर मोजतां येतील इतका तपशील, आणि मध्यें कोंकणाकडे उतरत गेलेल्या रांगा. मात्र अगदीं डाव्या टोंकास एक आकृति उमटली होती. जवळ असल्यामुळें जराशी अस्पष्ट, पण ओळखूं येण्याजोगी. गुडघा टेकून बसलेला मनुष्य. पाठ कड्याकडे, तोंड माझ्याकडे. आणि माझ्या दिशेनें आडवा पसरलेला हात.

मीं शिष्याकडे पाहिलें. तो खालीं मान घालून म्हणाला, "माफ करा सर. तुम्ही मान वळवलीत कीं मी तिवईच्या मागें सरकत होतों. त्या वेळीं वाऱ्यानं तुमचा पाय पुढं गेला, मग मला मागं राहवेना. चित्र बिघडलं. डावीकडचा तेवढा भाग कापून टाकूं."

साध्या फिल्मसाठीं असलेल्या यंत्रांत एवढें लांब चित्र मावत नाहीं. त्यास मोठ्या फिल्मचें एन्लार्जर लागतें. स्टुडिओंतलें तसलें एक, बरींच वर्षें कापडाखालीं झांकून ठेवलेलें, त्यानें पुसून काढलें. सोळा इंच लांब व सुमारें साडेसहा इंच उंच असा कागद आम्हीं छापला. डावी छाया फार काळवंडूं नये म्हणून प्रकाश चालूं असतां त्या बाजूवर थोडा वेळ तळहात धरून ठेवावा लागतो, आणि उजव्या उन्हास थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. डाव्या बाजूवर हात मींच धरला. कापण्याचा प्रश्न मीं येऊं दिला नाहीं. चौकटींत नको ती वस्तु शिरणें हा या कलेंत दोषच आहे, आणि विद्यार्थ्याच्या वहींत मीं त्यावर तांबडी रेघ ओढली असती. पण हें चित्र मीं ज्यासाठीं घेतलें, तें हेंच कीं, माझ्या डाव्या बाजूस काय आहे तें मला दिसावें. तें दिसलें.

चित्र चौकटींत बसवून आतां बैठकीच्या खोलींत लावलें आहे. एका दृष्टींत तें मला मावत नाहीं. उजव्या टोंकापासून प्रारंभ करून हळूहळू डावीकडे, ओळ उलटी वाचल्यासारखा, मी तें पाहतों. घरांत तें प्रथम आणलें तेव्हां सौभाग्यवतींनीं चष्मा लावून बराच वेळ पाहिलें, कड्याविषयीं एक अक्षरहि काढलें नाहीं, आणि डाव्या टोंकावर बोट ठेवून विचारलें, "हा त्याचाच हात ना?"

"होय," मी म्हणालों. रात्रीचे नऊ वाजले होते. त्यांनीं थेंबांची बाटली माझ्या हातीं दिली.